चहाला कुलूप, कुलपाला नक्षी

चहा ही प्यायची वस्तू आहे, असा आपला एक साधा समज असतो. अठराव्या शतकातल्या खानदानी इंग्रजाला तो पोरकट वाटला असता. त्याच्या लेखी चहा आधी परवडायचा, मग कुलपात ठेवायचा, मग पाहुण्यांसमोर मांडायचा, आणि एवढं सगळं यथासांग पार पडलंच, तर शेवटी दोन घोट प्यायचा.

या मधल्या पायऱ्यांसाठी फर्निचर लागे. चहा मांडायला एक गोल टेबल. उकळत्या पाण्याची किटली ठेवायला शेजारी दुसरं, जरा बुटकं. पुढे किटलीच्या जागी तोटी असलेलं मोठं चांदीचं भांडं, म्हणजे अर्न, आलं. मग अर्नसाठी तिसरं टेबल. या तिसऱ्याच्या अंगात एक चपटी फळी लपवलेली असे. ती बाहेर ओढायची आणि तिच्यावर चहादाणी ठेवायची, की अर्नची तोटी नेमकी चहादाणीच्या तोंडावर येते. ही वीतभर फळी चहाच्या वेळेपुरती बाहेर यायची; पण तिच्यासाठी सुतार वेगळी खाच पाडी, इवलीशी मूठ बसवी आणि टेबलाच्या कडेनं फिकट लाकडाची दोऱ्याएवढी रेघ जडवी. शिवाय चहापत्तीची पेटी, ती ठेवायला तिवई आणि कपांसाठी कठड्याचा ट्रे. आपल्याकडे एवढ्या सामानात एक अख्खा संसार उभा राहतो.

ही टेबलं आणि पेट्या मी संग्रहालयांत काचेपलीकडून पाहिल्या आहेत आणि लिलावाआधीच्या प्रदर्शनांत अगदी नाक लावून पाहिल्या आहेत. पाहून पाहून माझं एक मत झालं आहे. या फर्निचरचा पाया संशयाचा आहे. महोगनी त्याच्यावर चढते आणि नक्षी सगळ्यात शेवटी.

संशय उगाच नव्हता. 25 सप्टेंबर 1660 या दिवशी लंडनच्या नौदल कचेरीतल्या सॅम्युएल पेप्स या अधिकाऱ्यानं आयुष्यातला पहिला चहा मागवला आणि तशी रोजनिशीत नोंद केली. पहिला चहा प्यायल्याची नोंद ठेवावी, इतका तो अपूर्व होता. दोन वर्षांनी पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सची राणी होऊन लंडनला आली. चहाची सवय तिनं माहेरून आणली आणि आंदणात मुंबई आणली. चहाचं दरबारात कौतुक झालं. मुंबईचं काय करायचं ते मात्र राजाला उमगेना. 1668 साली त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. लंडनमधला गॅरवे नावाचा व्यापारी तेव्हाच्या सुमारास उत्तम चहा पौंडाला 50 शिलिंगांपर्यंत विकत होता. हिशेब सोपा आहे. मुंबई बेटाचं वर्षाचं भाडं म्हणजे चार पौंड वजनाचा चहा, दोन किलोसुद्धा नाही. आज मुंबईत भाड्यानं राहणाऱ्यांनी हे वाक्य कुठंतरी टेकून वाचावं.

पुढे चहा जास्त येऊ लागला तसा सरकारनं त्याच्यावर कर बसवला, आणि बसवत गेलं. 1784च्या आधी हा कर 119 टक्क्यांवर पोचला होता. म्हणजे चहाच्या किमतीपेक्षा सरकारचा वाटा मोठा. एवढा कर भरायला देशभक्ती लागते आणि चहाच्या तलफेपुढे देशभक्ती टिकत नाही. किनाऱ्यावर रात्रीच्या अंधारात हॉलंडकडून चोरटा चहा उतरू लागला, आणि तो घेणाऱ्यांत पाद्रीबुवांपासून जमीनदारांपर्यंत सगळी सभ्य मंडळी होती. ज्यांना चोरटाही परवडत नव्हता त्यांच्यासाठी नकली होता. रिचर्ड ट्वायनिंग या चहाच्या व्यापाऱ्यानं त्याची कृती लिहून ठेवली आहे: ॲश झाडाची पानं उन्हात वाळवायची, भाजायची, जमिनीवर टाकून पायांनी तुडवायची, चाळायची आणि हिराकस व मेंढीच्या लेंड्या यांच्या पाण्यात भिजत घालायची. वाळली की चहा तयार. इंग्रज चहात दूध घालतो त्याला काहीतरी कारण असणार.

1784 साली पंतप्रधान धाकट्या पिटनं कर एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला. कर भरून येणारा चहा वर्षभरात दुपटीच्याही वर गेला आणि चोरट्यांचा धंदा बसला. तिजोरीतली तूट भरायला पिटनं खिडक्यांवरचा कर वाढवला. तेव्हा काही लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि ते अंधारात बसून स्वस्त चहा पिऊ लागले.

आता चहा स्वस्त झाला म्हटल्यावर कुलपं गळून पडायला हवी होती. झालं ते अगदी उलटं. जडावकाम केलेल्या, कुलूपवाल्या चहाच्या पेट्यांचा खरा बहर 1780 ते 1800 या वीस वर्षांतला, म्हणजे बराचसा स्वस्ताईतला. जोवर चहा खरोखर चोरण्यासारखा होता तोवर कुलूप गरजेचं होतं. चोरण्यासारखा राहिला नाही तसं ते इभ्रतीचं झालं. आपल्या घरात चोरण्यासारखं काहीतरी आहे, असं पाहुण्यांना सुचवायला कुलपाइतकं सभ्य साधन दुसरं नाही.

पेटी साधारण वीतभर लांबीची. झाकण उघडलं की आत दोन डबे, एकात हिरवा चहा आणि दुसऱ्यात काळा. मोठ्या पेटीत या दोहोंच्या मधे काचेचं वाडगं असतं. ते साखरेसाठी की दोन चहा मिसळण्यासाठी, यावर जाणकारांत दोन तट आहेत आणि दोन्ही तट एकमेकांना फारशी साखर घालत नाहीत. पेटीची किल्ली घरच्या बाईसाहेबांकडे. पाहुणे आले की पेटी दिवाणखान्यात यायची, बाईसाहेब स्वतःच्या हातानं कुलूप उघडायच्या, छोट्या चांदीच्या चमच्यानं पत्ती मोजायच्या आणि पुन्हा कुलूप लावायच्या. स्वयंपाकघरात आचारी, मदतनीस, भांडी घासणारी, सगळे होते. पण चहा तिथं होत नसे. घरातलं हे एकच काम मालकीण स्वतः करी. पाहुण्यांना हा मान वाटे. तो मोलकरणीवरचा अविश्वास आहे, हे मोलकरणीला ठाऊक असे.

मोलकरीणही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दिवाणखान्यातला चहा संपला की चहादाणीतली भिजलेली पत्ती खाली यायची. तिच्यावर पुन्हा पाणी घालून नोकर मंडळी चहा प्यायची, आणि त्यातूनही उरलेला चोथा वाळवून मागच्या दारानं विकला जायचा. थोडक्यात, वरच्या मजल्यावर कुलूप होतं आणि खालच्या मजल्यावर दुकान.

काही पेट्या तर फळांच्या आकाराच्या. लाकूड कातून हुबेहूब नासपती किंवा सफरचंद करायचं, वरचा देठ धरून झाकण उचलायचं, आत पत्ती. टेबलावर फळ ठेवलं आहे असं वाटावं आणि चोराची फसगत व्हावी, इतकी ही कारागिरी अस्सल. फक्त त्या नासपतीच्या पोटावर, अगदी दर्शनी बाजूला, किल्लीचं भोक आहे.

नक्षीकडे वळू. लाकडात लाकूड जडवण्याचं हे काम जितकं नाजूक, तितकंच चिवट. सॅटिनवुड, किंगवुड, ट्युलिपवुड अशी दूरदेशची लाकडं पातळ पत्र्यांत चिरायची, केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीनं त्यांचे आकार कापायचे आणि ते गरम सरसानं बसवायचे. पेटीच्या झाकणावर आणि ट्रेच्या मधोमध सगळ्यात जास्त दिसतो तो शंख. लंबवर्तुळात बसवलेला, हिरवट पार्श्वभूमीवरचा, वळणदार शंख. एका लिलावाच्या दालनात ओळीनं इतके शंख मांडलेले होते की मालक वैष्णव असावेत अशी शंका यावी. शंखाला फुगीरपणा यावा म्हणून त्याच्या प्रत्येक पाकळीची कड तापलेल्या वाळूत खुपसून भाजतात. क्षणभर जास्त ठेवली तर शंख कोळसा होतो, क्षणभर कमी ठेवली तर चपटा राहतो. हे शंख करणारे कारागीरही वेगळे असत आणि फर्निचरवाले ते तयार विकत घेऊन बसवत. तेव्हा ज्या शंखाला घरमालक आपल्या अभिरुचीची खूण मानत होता, तोच शंख गल्लीतल्या पुढच्या घरीही त्याच अभिरुचीनं विराजमान असे.

शंखामागची ती हिरवट-करडी छटा म्हणजे सिकामोरचं लाकूड हिराकसात भिजवून आणलेला रंग. हो, तोच हिराकस. पेटीचं लाकूड त्यानं रंगायचं आणि नशीब खोटं असेल तर पेटीतला चहाही.

आज या नक्षीकडे पाहून रसिक लोक मधाळ, शांत, संयत असे शब्द वापरतात. मूळ काम तसं नव्हतंच. तेव्हाचे कारागीर लाकडाला लाल, निळा, गर्द हिरवा असे रंग देत. नवी पेटी चांगलीच भडक असे. सव्वादोनशे वर्षांच्या उन्हानं निळा उडाला, हिरव्याचा तपकिरी झाला, लालाचा खजुरी. आज ज्याला इंग्रजी संयम म्हणतात तो मुख्यतः खिडकीतून आलेल्या उन्हाचा परिणाम आहे. ज्यांनी खिडक्यांवरचा कर भरला त्यांच्याच पेट्यांना संयम आला असणार.

या नमुन्यांची पुस्तकं निघत. टॉमस चिपेंडेलनं 1754 साली काढलेल्या पुस्तकात चहाच्या पेट्या आहेत, आणि कडेनं जाळीदार कठडा असलेली टेबलंही आहेत, म्हणजे गप्पांच्या भरात कप खाली जायला नको. जॉर्ज हेपलव्हाइटचं पुस्तक 1788 साली आलं, तो वारल्यानंतर दोन वर्षांनी, त्याच्या विधवेनं छापलेलं. त्यात चहाच्या पेट्या आणि ट्रे यांच्या नक्षीचे नमुने हारीनं आहेत. गंमत अशी, की हेपलव्हाइटनं स्वतःच्या हातानं केलेली म्हणून खात्रीनं दाखवता येईल अशी एकही वस्तू जगात नाही. तरी त्याच्या नावाच्या वस्तू प्रत्येक लिलावात असतात.

तिसरा टॉमस शेरेटन. जडावाच्या नाजूक कामाला आज सरसकट त्याचंच नाव लावतात. 1804च्या सुमारास ॲडम ब्लॅक नावाचा तरुण, जो पुढे एडिंबराचा मोठा प्रकाशक झाला, लंडनमध्ये त्याच्याकडे काही काळ कामाला होता. एका संध्याकाळी शेरेटननं त्याला चहाला बसवलं. घरात कपबशा दोन, एक यजमानाची आणि एक बायकोची. मुलीला छोटं वाडगं. पाहुण्याला बायकोची कपबशी दिली, तेव्हा बायकोही वाडग्यावर आली. साऱ्या इंग्लंडच्या चहाच्या टेबलांना ज्यानं वळण लावलं, त्याच्या टेबलावर तिसरा कप नव्हता. दोन वर्षांनी तो गरिबीतच गेला. त्याच्याकडे चहाची पेटी होती की नाही हे ब्लॅकनं लिहिलेलं नाही, पण कुलपाची गरज नसावी.

टेबलांची तऱ्हा आणखी निराळी. गोल फळी, मधे एक खांब, खाली तीन पाय. खाली जमीन वरखाली असली तरी तीन पायांचं टेबल डगमगत नाही, हे शहाणपण. फळी आणि खांब यांच्यामधे चार खुंट्यांचा छोटा पिंजरा असतो. त्यामुळे फळी गोल फिरते आणि खटका सरकवला की कलंडून उभी राहते. चहा झाला की टेबल उभं करून भिंतीला लावायचं. वर नक्षी असली तर ती अशी उभ्यानं जास्त चांगली दिसते. म्हणजे टेबलाचा दिवसातला बराच वेळ चित्र म्हणून भिंतीशी उभं राहण्यात जायचा.

कलंडण्याची सोय असली की कलंडवणारेही निघतात. विल्यम होगार्थच्या 1732 सालच्या एका चित्रमालेत दुसऱ्या चित्रात नायिका भरलेल्या चहाच्या टेबलाला लाथ घालते. कपबशा उडालेल्या, आश्रयदाता शेठ चकित, आणि त्याच्या पाठीमागून तिचा दुसरा यार हळूच दाराबाहेर सटकतो आहे. चहाच्या टेबलाचा इतका नेमका उपयोग चिपेंडेललाही सुचला नव्हता.

संशयाचा कळस म्हणजे एकाच खांबावर बसवलेल्या तीन गोल थाळ्यांचं उभं स्टँड. हे खरं जेवणघरातलं. खायचं-प्यायचं त्याच्यावर मांडून ठेवायचं आणि नोकरांना बाहेर घालवायचं. पाहुण्यांनी हातानं घ्यावं आणि मोकळेपणी बोलावं. नोकर तेव्हाही ऐकत आणि खाली जाऊन सांगत. लाकूड ऐकतं, पण सांगत नाही. पेटी चहा राखत होती, हे स्टँड गुपितं राखत होतं.

या साऱ्या थाटामाटाला शिव्या घालणाराही एक निघाला. जोनस हॅनवे नावाच्या सद्गृहस्थानं 1756 साली चहाविरुद्ध भलामोठा निबंध लिहिला: चहानं पुरुष खुजे झाले, बायकांचं रूप गेलं, मोलकरणींच्या गालांवरची लाली उडाली, देश बुडाला. त्याला उत्तर दिलं शब्दकोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सननं. आपण निर्ढावलेले चहाबाज आहोत आणि आपली किटली थंड होतच नाही, असं त्यानं जाहीर करून टाकलं. हॅनवेचं चहापुढे काही चाललं नाही. मात्र लंडनमध्ये पुरुषानं छत्री घेऊन हिंडायचं धाडस त्यानं पहिल्यांदा दाखवलं असं म्हणतात. लोक तेव्हा हसले. आज तिथं पावसात छत्री उघडून लोक चहा प्यायला जातात. निकाल बरोबरीत सुटला म्हणायचा.

एकोणिसाव्या शतकात जडावकामाची मक्तेदारी केंटमधल्या टनब्रिज वेल्सकडे गेली. हे गाव औषधी पाण्यासाठी प्रसिद्ध. तिथं हवापालटाला आलेल्या मंडळींना परत जाताना काहीतरी न्यायला हवं असे, आणि नुसतं पाणी नेऊन शेजाऱ्यांवर छाप पडत नाही. 1830च्या सुमारास इथल्या कारागिरांनी एक युक्ती काढली. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या सळया नमुन्यानुसार एकमेकींना चिकटवून जुडी करायची आणि ती जुडी आडवी कापत जायची, अगदी अळूवडीचा उंडा कापावा तशी. प्रत्येक कापाला तीच नक्षी. एका जुडीतून डझनभर फुलपाखरं. रंग लाकडाचे स्वतःचेच. हिरवा कुठून आणायचा हा प्रश्न होता. तो बुरशीनं सोडवला. ओकच्या पडलेल्या फांद्यांना एक बुरशी लागते आणि लाकूड आतून हिरवंगार होतं. माणसं रानात सडकी लाकडं शोधत हिंडू लागली. 1851च्या लंडनच्या महाप्रदर्शनात एडमंड नाय या टनब्रिजच्या कारागिरानं समुद्रावरच्या जहाजाचं चित्र असलेलं टेबल मांडलं. त्यात लाकडाचे लाखावर तुकडे होते. त्यावर चहा सांडला तर नक्की किती तुकडे पुसायचे, हे सांगायलाही एक माणूस ठेवावा लागला असता.

सळयांच्या जुडीची ही युक्ती आपल्या मुंबईला काही नवी नव्हती. सदेली म्हणतात तिला. इराणातल्या शिराझची ही कला सुरतेत रुजली आणि तिथून मुंबईत आली. चंदन, आबनूस, हस्तिदंत, कथील यांच्या बारीक सळया एकत्र बांधून चकत्या काढायच्या आणि त्या पेटीवर जडवायच्या. अशा चौकटी-चांदण्यांच्या पेट्या ‘मुंबई पेट्या’ म्हणून विलायतेला जात आणि विलायतेतल्या बायका त्यांत सुया-दोरे नि पत्रं ठेवत. आपले लोक विलायतेसाठी विलायती घाटाची पेटी करत होते आणि टनब्रिजवाले त्याच रीतीनं आपल्या गावची खासियत विकत होते.

माझा मेव्हणा केंटमध्येच राहतो. संगणकाच्या नोकरीनं तिकडे गेला आणि आता जुन्या वस्तूंच्या लिलावात रमतो. मागे आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं टेबलावर एक पेटी आणून ठेवली. सॅटिनवुडची, झाकणावर शंख.

“भाऊजी, हात लावून बघा. जॉर्जियन आहे.”

“उघड ना,” मी म्हणालो.

“कुलूप आहे, पण किल्ली नाही. म्हणून तर स्वस्तात मिळाली.”

“मग बंद कशी नाही?”

“कुलूप मोडलेलं आहे. ते तर अस्सलपणाचं लक्षण! कुणीतरी चहा चोरला असणार.”

त्याच्या बायकोनं पेटीत गरम मसाला ठेवायची सूचना केली होती. पेटीच्या आत शिशाचा पत्रा लावलेला असतो, खायचं काही ठेवायचं नाही, असं यानं तिला बजावलं. मग तिनं घरातल्या साऱ्या जादा किल्ल्या तिच्यात टाकून दिल्या. आता पेटी किल्ल्यांनी भरलेली आहे आणि त्यातली एकही तिला लागत नाही.

त्याच्याबरोबर मी एका लिलावाचं प्रदर्शन पाहिलं. जुन्या फर्निचरचे जाणकार कोण हे ओळखणं सोपं आहे. हौशी माणूस टेबल वरून पाहतो. जाणकार जमिनीवर पाठ टेकून खालून पाहतो. नक्षी वर आणि सत्य खाली, असा त्यांचा सिद्धांत आहे. माझा मेव्हणा विजेरी दातांत धरून एका तिवईखाली शिरला. दुसऱ्या बाजूनं एक वयस्क इंग्रज गृहस्थ आधीच शिरलेले होते. दोघांनी खालच्या खाली एकमेकांना नमस्कार-चमत्कार केले आणि एकमत जाहीर केलं: लग्न झालेलं आहे.

या धंद्यात एका टेबलाची फळी दुसऱ्या टेबलाच्या खांबावर बसवली की तिला लग्न म्हणतात. फळी तरुण, खांब म्हातारा. किंवा दोघं एकाच वयाचे पण घराणी वेगळी. अशा जोडप्याची किंमत एकदम खाली येते. मूळचा अविवाहित एकसंध तुकडा असेल तर लोक मागे लागतात. आपल्याकडच्या स्थळं बघणाऱ्या मंडळींना ही रीत समजायला जरा वेळ लागेल.

फळी खरोखर जुनी आहे का, याची परीक्षा पट्टीनं होते. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेनं आकसतं, लांबीनं फारसं नाही. म्हणून अडीचशे वर्षांची गोल फळी आता गोल नसते; एका दिशेनं ती काही मिलिमीटर कमी भरते. पट्टी लावून अगदी तंतोतंत गोल निघाली की जाणकारांच्या कपाळाला आठी पडते. जगात इतरत्र नेटकेपणाला पैसे मिळतात, इथं बिघडण्याला.

शंखाची परीक्षा आणखी अवघड. राणी व्हिक्टोरिया आणि सातवा एडवर्ड यांच्या काळात शेरेटनची फॅशन पुन्हा उसळली, तेव्हा दुकानदारांनी जुन्या साध्या पेट्या आणि टेबलं शोधून त्यांत नवे शंख जडवले. पेटी अस्सल, शंख नंतरचा. मेव्हण्यानं आपल्या पेटीच्या शंखावर भिंग धरलं, विजेरी धरली, बोट फिरवलं आणि शेवटी म्हणाला, “भाऊजी, शंख नंतरचा असला तरी तोही आता शंभर वर्षांचा आहे.” नकलीपणाही मुरला की चालतो, हे तत्त्व त्या धंद्यात सगळ्यांनीच मान्य केलेलं दिसतं.

आणखी एक अडचण निघाली ती हस्तिदंताची. अनेक पेट्यांच्या किल्लीच्या भोकाभोवती हस्तिदंताची शेंगदाण्याएवढी चकती असते. ब्रिटनचा 2018चा हस्तिदंत कायदा 2022 साली लागू झाला. आता अशी पेटी विकायची तर ती 1947च्या आधीची असावी लागते, तिच्यात हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असावं लागतं आणि सरकारदरबारी तिची नोंदणी करावी लागते. पूर्वी पेटीवर फक्त कुलूप होतं. आता कुलपाच्या भोकावरही कायदा आहे.

एवढं सगळं होऊन किमती मात्र उतरल्या आहेत. गेल्या पंचवीसेक वर्षांत तपकिरी रंगाचं जुनं फर्निचर तिकडच्या तरुणांना नकोसं झालं. अर्नचं टेबल ठेवायचं तर अर्न पाहिजे, अर्न पाहिजे तर तो घासणारा पाहिजे. मुख्य म्हणजे चहाच पेटीतून उठून गेला. 1953 साली टेटली कंपनीनं ब्रिटनमध्ये चहाच्या कागदी पिशव्या आणल्या आणि तिथला बहुतेक चहा आता पिशवीतूनच होतो. मोजायला चमचा नको, मिसळायला वाडगं नको, राखायला कुलूप नको. पिशवी चोरून मोलकरीण करणार काय, आणि मुळात मोलकरीण आहे कुठं? 2000 साली टाटा टीनं ही टेटली 27 कोटी 10 लाख पौंडांना विकत घेतली. टाटांचं मुख्यालय मुंबईत. ज्या बेटाचं वर्षाचं भाडं दोन किलो चहाही भरत नव्हतं, त्यानं इंग्रजांच्या चहाचा हिशेब असा चुकता केला. दहा पौंडांच्या भाड्यानं मागे जाऊन मोजलं तर एवढ्या पैशांत मुंबई दोन कोटी एकाहत्तर लाख वर्षं भाड्यानं ठेवता आली असती.

प्रदर्शनानंतर मेव्हणा मला एका जुन्या वस्तूंच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार मोठे अगत्यशील. त्यांनी आल्या आल्या चहा विचारला, मोठ्या मगात पिशवी टाकून लगेच करूनही दिला. साखरेचा डबा उघडाच पुढे सरकवला, किती घेतली तेही पाहिलं नाही. चहाच्या पेट्या मात्र काचेच्या कपाटात होत्या, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या पट्ट्याला लोंबत होती. चहा मोकळा सुटला आणि त्याची पेटी तुरुंगात गेली, असा हा सारा इतिहास डोळ्यांसमोर होता. हातातला मग गरम होता. ठेवायला जागा शोधत मी मागे वळलो, तर तिथं 1770च्या सुमाराचं चहाचं सुरेख गोल टेबल होतं, चहा ठेवण्यासाठीच जन्माला आलेलं. मग त्याच्यावर टेकणार एवढ्यात दुकानदार गल्ल्यावरून धावत आले.

“कुठंही ठेवा हो, जमिनीवर ठेवा, माझ्या डोक्यावर ठेवा,” असा त्यांच्या सभ्य इंग्रजीचा एकूण भावार्थ होता, “फक्त त्या टेबलावर चहा नको!”